घर सोडून सगळं

"हाऊ कोन शे, भाऊ?" सरलाबाईंनी टीव्हीवरच्या फोटोतल्या एका माणसाकडं बोट करून विचारलं आणि श्रीरंग सहज म्हणाला, "तो व्हय? ड्रायव्हर आहे तो."

सरलाबाई शेजारच्या. त्यांच्या नवऱ्यानं, भटूनं, मंदाचा मोबाइल कसल्याशा युक्तीनं टीव्हीला जोडून दिला होता, आणि सुरतेतल्या गोडादऱ्यात श्रीरंगच्या पुढच्या खोलीत गादीवर, खुर्चीत, उंबऱ्यात बसून गल्लीतली माणसं चहा पीत बेटं बघत होती. श्रीरंग आणि त्याची बायको मंदा परवाच परतले होते. त्यांची एकुलती लेक कविता सहा वर्षांपासून तिकडं होती. आफ्रिकेच्या कडेला समुद्रात सांडल्यासारखी ती बेटं, राज्य मात्र स्पेनचं. तिथल्या एका सिंधी व्यापाऱ्याच्या कापडाच्या पेढीत ती हिशेब आणि माल बघायची. सुरतेत रिंग रोडवरच्या ज्या ऑफिसात ती आधी कामाला होती, तिथूनच तो माल जायचा. यंदा तिनं तिकिटं पाठवली, हॉटेलात खोली घेतली आणि आईबापाला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीनं नेऊन सगळं दाखवलं. तेच आता पडद्यावर सरकत होतं. काळी वाळू. ढगांच्या वर डोकं काढून बसलेला डोंगर. समुद्राला लागून पिवळ्या वाळूच्या टेकड्या आणि त्यावर नऊवारीचा ओचा वर खोचून उभी असलेली मंदा. राखेत खड्डे करून, प्रत्येक खड्ड्याला दगडांचं अर्धं कडं घालून लावलेल्या द्राक्षाच्या वेली.

"ड्रायव्हर तर समद्या फोटोत आहे," सरलाबाई म्हणाल्या. बोलण्यात खोच नव्हती. टीव्हीवरची मालिका बघताना बोलतात तसं त्या बोलत होत्या. मग पुढचा फोटो आला आणि त्यांनी विचारलं, "आन कविताचं घर? घराचा एकबी फोटो नाही काढला का, भाऊ?"

"घर लय लांब पडत होतं," मंदा म्हणाली.

श्रीरंगच्या तोंडाशी गेलेला कप तिथंच थांबला. कवितानं तर त्याला वेगळंच कारण सांगितलं होतं. प्रश्न त्याला होता. उत्तर मंदानं दिलं, आणि इतक्या घाईनं दिलं की ते विमानात बसल्यापासून तिच्या जिभेवर तयार असावं.

चहा गार झाला तरी तो फोटो बघत राहिला, पण आता बेटं दिसेनात. पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये चेकिंगच्या टेबलावर त्याची अर्धी नोकरी गेली होती. खालून दिवा लावलेली काच, तिच्यावरून सरकणारं कापड, आणि डाग दिसला की खडूची खूण. डाग शोधायचा नसतो, तो नजरेला येऊन धडकतो, असं तो म्हणायचा. इथं मात्र नजरेला काहीच धडकलं नव्हतं. आठवडाभर तो त्या माणसाच्या शेजारच्या सीटवर बसला होता. पस्तिशीचा, उन्हानं रापलेला, विरळ दाढीचा, हसला की डोळे बारीक होणारा तो माणूस आता प्रत्येक फोटोत होता: कुठं मंदाची पिशवी धरून, कुठं मागं व्हॅनला टेकून, कुठं टेबलाच्या त्या टोकाला, कविताच्या शेजारी. ड्रायव्हर टेबलावर जेवायला बसतो, हे श्रीरंगला पहिल्या दिवशी आवडलं होतं. इथं माणसात माणूस मिसळतो, उच्चनीच नाही, असं तो मंदाला म्हणालाही होता. मंदा तेव्हा सॅलडातला कांदा बाजूला काढत होती. तिनं मान वर केली नव्हती.

विमानतळावर उतरले तेव्हा गर्दीत कवितानं हात उंचावून हाक मारली होती, "ये रे!" श्रीरंग थांबला होता. लेकीनं बापाला 'ये रे' म्हणावं? मग गर्दीतून हा माणूस आला, त्यानं दोन्ही बॅगा उचलल्या आणि कविता हसून म्हणाली, "दादा, त्याचं नावच येराय आहे. इथलं जुनं नाव. बेटांवर स्पेनवाले यायच्या आधीच्या लोकांचं." श्रीरंगही हसला होता. पुढं रोज दिवसभर ती हाक त्याच्या कानावर पडत राहिली, पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ये रे, ये रे, आणि दरवेळी त्या हाकेत एक घरगुती सैलपणा होता, लुगडं वाळत घालताना बाईनं आतल्या माणसाला हाक मारावी तसा. तो सैलपणा त्यानं ऐकला होता. नावातला म्हणून सोडून दिला होता. आणि तो माणूस त्याला 'दादा' म्हणायचा. कविता म्हणते म्हणून म्हणत असेल. सुरतेत रिक्षावाले नाही का कुणालाही काका म्हणत.

माणसं उठून गेली. भटूनं वायर काढली, पडदा निळा झाला. मंदानं कप गोळा केले आणि ती आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. श्रीरंगनं तिला काही विचारलं नाही. विचारायचं ठरवून नाही विचारलं असंही नव्हतं. शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथं बसून राहायचे. हे त्याला ओळखीचं होतं. कतारगामला विशीत लूमवर लागला तेव्हा लाइट गेली की सगळे माग एकदम थांबायचे, आणि त्या आवाजाला सरावलेल्या कानांत जी पोकळी उघडायची, ती त्याला आवडायची. बाकीचे बिडी प्यायला बाहेर पळायचे, तो मागाजवळच उभा राहायचा. रागावला की त्याच्या आत तसंच व्हायचं. सगळं एकदम थांबायचं. मग त्याला कुणाचं वाईट बोलावं लागायचं नाही, कुणावर हात उगारावा लागायचा नाही. गल्लीतले इतर बाप पोरींना बडवायचे, बायकोच्या अंगावर ताट भिरकावायचे. तो नाही. तो फक्त बोलायचा नाही. यालाच तो आजवर आपला चांगुलपणा समजत आला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपली म्हणून तो पांडेसऱ्याला गेला. खाडीत जांभळट पाणी वाहत होतं, वाफेचा आणि केमिकलचा नेहमीचा वास रिक्षात शिरला. काचेवरून एक गुलाबी कापड सरकू लागलं, गुळगुळीत, न संपणारं, आणि त्याला आगीचा डोंगर आठवला. त्या बेटावर जमिनीखाली अजून धग आहे. माणसं एका खड्ड्यात वाळकी झुडपं टाकत होती आणि काडी न लावता ती पेटत होती. मग एकानं जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओतलं. श्रीरंग वाकून बघत होता. तेवढ्यात कुणीतरी कोपराला धरून त्याला मागं खेचलं, आणि पुढच्या क्षणी जिथं त्याचं तोंड होतं तिथून वाफेचा खांब फुसकन वर गेला. मागं खेचणारा येराय होता. त्याचा दुसरा हात श्रीरंगच्या पाठीवर होता, आणि वाफ विरून गेल्यावरही तो तिथंच राहिला, सपाट, उबदार, घाई नसलेला. ड्रायव्हरचा हात पाठीवर असा राहत नाही. आता, टेबलाशी उभा असताना, त्याला तो हात पुन्हा जाणवला. त्यानं खांदे हलवले. गुलाबी कापडातला एक लांबलचक तुटका दोरा त्याच्या समोरून निघून गेला आणि पुढच्या माणसानं ओरडून मशीन थांबवलं.

आणि ती शिट्टीवाली दुपार. एका लहान बेटावर, धुक्यानं भरलेलं रान ओलांडून ते एका खानावळीत जेवायला थांबले होते. तिथले लोक शिट्टीनं बोलतात. खोल दऱ्या, पलीकडच्या डोंगरावर माणूस. चालत जायला अर्धा दिवस, म्हणून बोट तोंडात घालून शिट्टीत अख्खं वाक्य पाठवायचं. एक म्हातारा ते करून दाखवत होता. त्यानं कुणाचातरी चष्मा लपवायला लावला आणि त्याच्या सोबत्यानं नुसती शिट्टी ऐकून तो शोधून काढला. श्रीरंगला काय झालं कोण जाणे. त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि लूमच्या खात्यातली शिट्टी मारली, मागांच्या खडखडाटात दुसऱ्या ओळीतल्या कारागिराला 'इकडं बघ, दोरा तुटला' म्हणून सांगायची ती. सगळी खानावळ वळली. म्हाताऱ्यानं डोळे मिचकावून शिट्टीनंच काहीतरी उत्तर दिलं. मंदा तोंडाला पदर लावून हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली पण त्याची शिट्टी तिनं ऐकली नव्हती. येराय उभा राहिला होता. टाळ्या वाजवत तो टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं श्रीरंगचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, पुन्हा पुन्हा, आणि कविताकडं बघून भरभर काहीतरी म्हणाला. "काय म्हणतो?" श्रीरंगनं विचारलं. कविता म्हणाली, "काही नाही. त्याच्या आजोबांना यायचं म्हणतो असं बोलायला." तिचे डोळे भरले होते. धुक्यानं, असं श्रीरंगला वाटलं होतं.

त्या दुपारी तो सुखात होता. हे आता सगळ्यात जास्त टोचत होतं. फसवलं गेल्याची चीड आणावी तर तिच्या मधोमध ही दुपार येऊन बसायची आणि चीड धड पेटायची नाही. आणि मग, तिच्या मागून, शेवटचा दिवस. विमानतळाच्या दारात येरायनं बॅगा उतरवल्या, तेव्हा श्रीरंगनं खिशातून आदल्या रात्रीच वेगळी काढून ठेवलेली नोट काढली आणि त्याच्या हातात दाबली. 'चांगला आहेस, नीट चालव' असं मराठीतच म्हणाला. येराय क्षणभर नोटेकडं बघत राहिला. कविता एकदम पुढं झाली, "दादा, नको—" पण येरायनं डोळ्यांनी तिला थांबवलं. दोन्ही हातांत नोट घेतली, कपाळाला लावली. ते कुणी शिकवलं असेल त्याला? मग तो आभार मानत म्हणाला, "ग्रासियास, दादा." श्रीरंगनं त्याच्या खांद्यावर थोपटलं होतं. मालकानं थोपटावं तसं. मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याला तोंडात कसलीतरी चव आली, गंजल्यासारखी, आणि तो पाणी प्यायला गेला तो बराच वेळ नळापाशी उभा राहिला.

घरी त्यानं मंदाशी बोलणं टाकलं होतं, हे त्याला तिनंच सांगितलं. ताट पुढं सरकवून ती समोर बसली. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा.

"झालं का सुरू तुमचं?" ती म्हणाली.

तो जेवत राहिला.

"परवापासून एक शब्द नाही. मला विचारायचं असंल ते विचारा. मी काय मेले नाही."

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. आवाज त्यालाच परका वाटला.

"व्हय."

"तिनं सांगितलं?"

"आधी मी बघितलं. ती निवडुंगाची लाल बोंडं नव्हती का, त्यानं चाकूनं सोलून दिली होती आपल्याला? त्यानं एक अर्धं खाल्लं आणि उरलेलं तिनं त्याच्या हातातून घेतलं. बघितलंबी नाही तिनं. माझ्याशी बोलता बोलता घेतलं आणि तोंडात टाकलं." मंदा थांबली. "उष्टं कुणाचं खातं हो माणूस?"

श्रीरंगनं घास खाली ठेवला.

"मग निघायच्या दिवशी विमानतळावर, बाथरूममधी, माझ्या गळ्यात पडून रडली. तवा बोलली. कोर्टात लग्न केलंय. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं." त्यानं तेवढंच म्हटलं. मग एकदम, "आणि मला काहून नाही सांगितलं? मी काय कसाई आहे? मी तिला मारलं कधी? तुला मारलं?"

"मारलं असतं तर रडून मोकळे झालो असतो," मंदा म्हणाली. ती चिडली नव्हती. कितीतरी दिवस मनात धरून ठेवलेलं ओझं ती खाली टेकवत होती. "तुम्ही बंद पडता. ती तिकडं गेली तवा वर्षभर बोलला नाहीत तिच्याशी. ती मला काय म्हणाली सांगू? म्हणाली, माय, तू फोनवर असायचीस ना, तवा मी मागं दादांचा खोकला ऐकायची. खोकला आला की वाटायचं, चला, आहेत. लेकीला बापाचा खोकला ऐकायला फोन करावा लागतो का हो?"

त्या वर्षी तो रोज तिथंच बसलेला असायचा, मंदाच्या बाजूला, फोनमधला बारीक आवाज ऐकू येईल इतक्या जवळ. कविताला बरं वाटतं का, ती काय जेवली, सगळं त्याला ठाऊक असायचं. आपण तिला टाकलेलं नाही हे त्याच्यापुरतं इतकं उघड होतं की ते तिला दिसत नसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता त्याला धाकटा भाऊ महेश आठवला. त्याला त्यानंच जालन्याहून आणून लूमवर लावला होता, आणि तो न सांगता पुण्याला निघून गेला, तेव्हापासून बोलणं नाही. एका लग्नात दोघं एकाच पंगतीत, शेजारी शेजारी बसले होते. सातआठ वर्षांची कविता समोर उभी होती. 'काकाला विचार, वरण पाहिजे का.' ती दोन बोटांचं अंतर चालून काकाकडं जायची. 'काका, दादा विचारतात वरण पाहिजे का.' 'सांग, नको.' ती परत यायची. माणसं हसत होती आणि तिलाही ते खेळासारखं वाटतंय असं श्रीरंगला वाटलं होतं. तिच्या फ्रॉकची कड तिनं मुठीत घट्ट पिळून धरली होती. हे तेव्हाही दिसलं असणार, नाहीतर आता कुठून दिसलं?

आणि तरीही राग होता. परका माणूस, परकी जात नव्हे, परका देशच. गावाकडं सांगायचं काय, सरलाबाईंना सांगायचं काय, आपल्या मागं या घराशी कोण आपलं म्हणून उभं राहणार. हेही सगळं खरं होतं. पलंगावर पडून तो पंख्याकडं बघत राहायचा. डोंगर दाखवला, आग दाखवली, हजार वर्षांचं म्हणून एक झाड दाखवलं, शिट्टीवाला म्हातारा दाखवला, एका बेटावरून दुसरं बेट लांब निळं कसं दिसतं ते दाखवलं. पोरीनं आपल्याला त्या बेटांवर पाहुण्यासारखं फिरवलं आणि तिच्या दारावरून व्हॅन नेली असेल तर तीही न सांगता. 'मुलींसोबत शेअरिंगमध्ये राहते दादा, तिथं तुमची गैरसोय होईल.' किती नीट पाठ केलं असेल तिनं ते वाक्य. त्याला लहानपणी पाढे म्हणून दाखवायची तशी मान ताठ करून म्हणाली होती.

रविवारी दुपारी मंदा आत पडली होती. श्रीरंगनं स्वतःचा मोबाइल घेतला. या फोनवरून त्यानं कविताला कधीच लावला नव्हता. बोलणं सुरू झाल्यावरही फोन मंदाचा असायचा आणि तो शेवटी दोन शब्द बोलायचा. काय म्हणायचं ते त्यानं दोन दिवस जुळवलं होतं. 'तू चुकलीस, पण' असं सुरू होणारं एक वाक्य होतं. 'मीही' असं सुरू होणारं दुसरं होतं, ते पुढं जात नव्हतं. रिंग जेमतेम झाली आणि पडद्यावर लेकीचा चेहरा आला, केस विस्कटलेले, डोळे ताणलेले.

"दादा? काय झालं? माय कुठंय? मायला काय झालं?"

त्याला कळायला वेळ लागला. बापाचा फोन येतो म्हणजे घरात कुणीतरी गेलं, असंच तिला वाटलं होतं. दुसरं काही असू शकतं हे तिच्या मनातही येत नव्हतं.

"काही नाही झालं," तो घाईनं म्हणाला. "माय झोपलीय. बरी आहे. मीच केला."

जुळवलेली दोन्ही वाक्यं कुठं गेली ते त्याला कळेना.

"घर दाखव," तो म्हणाला.

मागं कुठंतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"मायनं सांगितलं?"

"घर दाखव तुझं. सगळं दाखवलंस, घर राहिलं."

"दादा, आत्ता… पसारा आहे."

"असू दे."

पडदा हलला. भिंत, दाराची चौकट, चपला. ओटा, त्यावर उलटं घातलेलं पातेलं, ओळखीचा पोळपाट. मग ओल्या हातांचा येराय, बनियनवर, कॅमेऱ्याकडं बघून गडबडलेला. तो धावत आत गेला आणि शर्टाची बटणं चुकीची लावत बाहेर आला. हात जोडून उभा राहिला. श्रीरंगनं मान हलवली. कशासाठी हलवली ते त्याला ठाऊक नव्हतं. राग तिथंच होता, छातीत, जिथल्या तिथं. कविता एका बंद दारापाशी थांबली.

"ही…" ती म्हणाली. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं दार दिसत होतं. "ही तुमच्यासाठी केली होती. तुम्ही यायच्या आधी महिनाभर करत होतो. मग शेवटच्या दिवशी माझाच धीर सुटला आणि हॉटेल बघितलं."

तिनं दार उघडलं. पलंग बुटका होता, श्रीरंगच्या गुडघ्यांना जमेल असा, त्यावर न वापरलेली चादर, घड्या अजून उमटलेल्या. भिंतीला एक खुर्ची. पलंगाखाली नव्या सपाता दोन जोड, एक मोठा, एक लहान. बाथरूमचं दार अर्धं उघडं, आत बादली आणि तिच्यावर तांब्या. तो तांब्या त्या बेटावर तिनं कुठं शोधला असेल.

श्रीरंगनं तोंड उघडलं आणि आतून सगळं एकदम थांबलं. तीच पोकळी. त्याला बोलायचं होतं. या वेळी तो खरंच बोलू बघत होता, पण डोळ्यांपुढं पलंग, सपाता, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं झालं होतं. पलीकडून त्याचा चेहरा नुसता दगडासारखा दिसत असणार, हे त्याला कळत होतं.

"दादा?" कविताचा आवाज बारीक झाला. "दादा, बोला ना काहीतरी. रागवा, पण बोला. दादा?"

मंदा उठून दारात येऊन उभी होती. ती पुढं आली नाही.

"खिडकी," श्रीरंग म्हणाला. घसा खाकरला, पुन्हा म्हणाला, "खिडकी कुठल्या अंगाला आहे त्या खोलीला?"

"गल्लीकडं," कविता म्हणाली. मग हुंदका आवरत, "समुद्राकडची नाही मिळाली, दादा. गल्लीकडंच आहे. सकाळी भाजीवाल्याची गाडी येते, गलका असतो."

"चालतंय," तो म्हणाला. "मला गलक्यात झोप लागती."